ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी बडोद्यात, दांडिया बाजारातल्या एका मंडळाच्या सभागृहात, आठवड्यातून दोन दुपारी बायकांना मोबाईल वापरायला शिकवते. येणाऱ्यांमध्ये पन्नाशी उलटलेल्या अधिक; पण अलीकडे तिशी-पस्तिशीच्या सुनाही येऊ लागल्या आहेत, कारण घरात फोन चार असले तरी शिकवण्याचा धीर कुणाजवळ नसतो. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी मी व्हॉट्सॲपमधील ‘लिंक्ड डिव्हायसेस’ हा पर्याय दाखवत होते. आपले व्हॉट्सॲप आणखी कुठल्या संगणकावर उघडे आहे, ते तिथे कळते. एकीच्या फोनवर एका संगणकाची नोंद दिसली आणि तिच्यापुढे ‘ॲक्टिव्ह’ असे लिहिलेले होते. “यांच्या ऑफिसातला असेल,” ती म्हणाली. शिकवणाऱ्याच्या उत्साहात मी ‘लॉग आउट’वर बोट ठेवायला गेले, तेव्हा तिने फोनच्या पडद्यावर आपला तळहात ठेवला. “आत्ता नको. आत्ता काढलं तर संध्याकाळी विचारतील.”

कुणीतरी नातवाचा फोटो भलत्याच गटात पाठवला म्हणून मागच्या खुर्च्यांवर हशा चालला होता. ही मात्र हलक्या आवाजात सांगत राहिली, की माहेरी काय लिहिले, मैत्रिणीने काय विचारले, हे रात्रीच्या जेवणापर्यंत नवऱ्याला ठाऊक झालेले असते. तो आपल्या मनातले ओळखतो असे तिला कित्येक दिवस वाटत आले होते.

डिजिटल समावेशन हा शब्द सरकारी कागदांत आता चांगला रुळला आहे. किती घरांत फोन पोहोचला, किती खाती उघडली, किती जण ‘साक्षर’ झाले, याचे आकडे दरवर्षी येतात आणि त्यांतली वाढ खरीही आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की ही सगळी मोजणी घर धरून होते, माणूस धरून होत नाही, आणि तंत्रज्ञानाच्या आधाराने होणारा कौटुंबिक छळ याच फटीतून आत शिरतो. बाईला फोनपासून लांब ठेवल्याने हा छळ थांबत नाही, आणि तिच्या हातात नुसता फोन दिल्यानेही थांबत नाही. तिचा नंबर, तिचे खाते आणि तिच्या फोनचे कुलूप ही तीन खरोखर तिची झाली, तर त्याला आळा बसण्याची सुरुवात होते. समावेशन आणि सुरक्षितता ही दोन वेगळी कामे आहेत, एक शिक्षण खात्याचे आणि दुसरे पोलिसांचे, असे मानण्याची सवय आपण आधी सोडायला हवी.

या छळाला लागणारी साधने कुठल्या चोरबाजारातून आणावी लागत नाहीत. दुसऱ्याच्या फोनवर गुपचूप नजर ठेवणारी ॲप्स असतात हे खरे, पण माझ्या वर्गात जे ऐकायला मिळते ते बहुतेक साध्या, रोजच्या सोयींचेच असते. नवा फोन नवऱ्याने आणला, त्यातले गुगल खाते त्यानेच उघडले, म्हणून पासवर्ड त्याच्याजवळ. त्या खात्यावरून ती कुठे आहे, काय शोधले, कुणाचे नंबर साठवले, हे त्याला घरी बसून दिसते. नकाशावर ‘लोकेशन शेअर’ एकदा चालू केले ते कधी बंद झाले नाही. फोनच्या कुलपात तिच्या अंगठ्याबरोबर त्याचाही अंगठा नोंदवलेला असतो. येणारे फोन दुसऱ्या नंबरावर वळवलेले असतात आणि तिला वाटते की माहेरच्यांनी बोलणे टाकले. रिचार्ज संपतो आणि दोन-दोन आठवडे कुणी करत नाही. ज्या घरांतली मुले परदेशी गेली आहेत, आणि बडोद्यात अशी घरे गल्लोगल्ली आहेत, तिथे आई-वडिलांच्या काळजीपोटी दिवाणखान्यात कॅमेरा बसतो. मग हळूहळू तो काळजीपुरता उरत नाही, आणि घरी राहिलेली सून किती वाजता उठली, कुणाशी किती वेळ बोलली, याचा हिशेब मेलबर्नहून होऊ लागतो.

यात कुणी हॅकर नाही. फोनच्या आणि बँकेच्या सुरक्षिततेची सगळी रचना चोर बाहेरून येणार असे धरून केलेली आहे. पासवर्ड विसरला तर विचारले जाणारे प्रश्न पाहा: आईचे माहेरचे आडनाव, पहिली शाळा, जन्मगाव. अनोळखी चोराला ही उत्तरे मिळणार नाहीत, पण ज्याच्याशी लग्न होऊन वीस वर्षे झाली त्याला ती पाठ असतात. ओटीपी तिच्या फोनवर आला, तरी दोघांचे फोन रात्रभर एकाच टेबलावर शेजारी-शेजारी चार्ज होत असतात. घरातल्या माणसापासून संरक्षण हवे असू शकते, हे या यंत्रणा उभारणाऱ्यांच्या मनात फारसे आलेले दिसत नाही.

माझ्याही मनात ते आले नव्हते, आणि हे मला स्वतःविषयी सांगायला हवे. २०१४ साली जनधन योजनेची खाती उघडण्यासाठी आमच्या शाखेने वस्त्यांमध्ये शिबिरे भरवली. टेबलासमोर रांग असे, दुपारचे ऊन असे, आणि प्रत्येक अर्जावर ‘मोबाईल क्रमांक’ हा रकाना असे. बाई गोंधळली की मागे उभा असलेला नवरा किंवा दीर नंबर सांगे, नाहीतर तीच म्हणे, “बेन, एमनो ज नंबर लखो ने.” त्यांचाच लिहा. आणि मी लिहीत असे. एका दिवसात जेवढे अर्ज तेवढी खाती, वरिष्ठ खूश, आणि आम्हीही बायकांना बँकेच्या दारात आणल्याच्या समाधानात घरी जात असू. तिच्या नावावर खाते उघडले, पण त्या खात्यात काय आले आणि काय गेले, याची पहिली खबर दुसऱ्याच्या खिशात वाजणार, अशी व्यवस्था मी माझ्या अक्षरात करून ठेवली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ७८.६ टक्के स्त्रियांनी आपण स्वतः वापरतो असे बँक खाते असल्याचे सांगितले. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ५३ टक्के होते, तेव्हा ही झेप लहान नाही. परंतु आपण स्वतः वापरतो असा मोबाईल असल्याचे सांगणाऱ्या स्त्रिया त्याच पाहणीत ५४ टक्के होत्या. हे दोन आकडे सहसा वेगवेगळ्या पानांवर छापले जातात. ते शेजारी ठेवून साधी वजाबाकी केली, तर शंभरातल्या निदान चोवीस बायका अशा निघतात की ज्यांचे खाते आहे आणि फोन नाही. त्यांच्या खात्याचे संदेश कुठेच जात नाहीत, किंवा दुसऱ्याच्या फोनवर जातात. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया याच पाहणीत ३३.३ टक्के आणि पुरुष ५७.१ टक्के आहेत. बँकेत तिचे नाव वहीत चढले, तिच्या हाती मात्र पासबुक आले, आणि पासबुकाच्या बळावर आता फारसे काही चालत नाही.

घर धरून मोजण्याची ही सवय धोरणातच आहे. ग्रामीण भागाला डिजिटल साक्षर करण्यासाठी केंद्र सरकारने २०१७ साली जे पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आखले, त्याचे लक्ष्य सहा कोटी लोकांचे होते आणि नियम असा होता की ज्या घरात कुणीच डिजिटल साक्षर नाही, त्या घरातून एकाला शिकवायचे. पैसा मर्यादित असताना असा नियम करणाऱ्यांचा हेतू मी समजू शकते. पण घरातून एक, असे म्हटल्यावर तो एक कोण हे ठरवायचे काम आपण घरातल्या ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्यावर सोपवतो. आणि तो एक शिकून आला की बाकीच्यांचे फोन, पिन आणि पासवर्ड त्याच्याच हातात जाणे हे कुणाच्याही दुष्टाव्याशिवाय, अगदी सहज घडते. घरातला ‘मोबाईलवाला’ होणे ही एक सत्ता आहे.

बडोद्याच्या माणसाला याबाबतीत फार लांब जाऊन दाखला शोधायला नको. सयाजीराव महाराजांनी अमरेलीतल्या प्रयोगानंतर १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा ते मुलांबरोबर मुलींनाही लागू केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. घरटी एक विद्यार्थी, असा नियम त्यांनी केला असता तर खर्च पुष्कळ वाचला असता आणि घरोघर मुलगाच शाळेत गेला असता. महाराजांच्या कारभारातल्या सगळ्याच गोष्टींचे गुणगान करण्याची आमच्याकडे जी रीत आहे ती मला फारशी मानवत नाही, पण इथे त्यांनी मोजण्याचे माप बरोबर निवडले होते. पुढे १९३१ मध्ये याच संस्थानाने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. घराच्या आत काय चालते त्याच्याशी राज्याचा संबंध आहे, असे मानणारे एक सरकार या गावाने पूर्वीच पाहिलेले आहे.

आता दोन्ही बाजूंचे आक्षेप पाहू. पहिला आक्षेप जुना आणि मोठ्या आवाजातला आहे: फोनमुळेच घरे मोडतात, तेव्हा बायका-मुलींच्या हातात तो देऊच नये. मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज या गावाने २०१६ मध्ये अविवाहित मुलींना मोबाईल वापरायला बंदी केली आणि दंडही ठरवला. २०१९ मध्ये बनासकांठ्यातल्या दांतीवाडा तालुक्यात एका समाजाच्या मंडळींनी बारा गावांसाठी तसाच ठराव केला. आमच्या मराठी घरांत पंच बसत नाहीत आणि ठराव होत नाहीत. तिथे एक वाक्य पुरते: “तुला कशाला हवाय स्मार्टफोन, घरात आहेत की दोन.” परिणामात मला मोठा फरक दिसत नाही. आणि ज्याला आपण संरक्षण म्हणतो ते इथे स्वतःच छळाचे रूप घेते. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या मात्र १४ टक्केच निघाल्या. गुजरातभर २०१५ पासून चालणारी ‘अभयम’ ही १८१ क्रमांकाची सेवा समुपदेशक आणि महिला पोलिसासह गाडी दारात पाठवते, पण त्यासाठी आधी तीन आकडे दाबण्याएवढा वेळ एकांतात फोन हातात असावा लागतो. ज्या घरात मारहाण होते त्या घरातून फोन काढून घेणे म्हणजे दार बाहेरून लावण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे आणि तो माझ्याच बाजूच्या माणसांकडून येतो. बायकांना मोठ्या मुश्किलीने फोनपर्यंत आणले आहे, त्यांना पहिल्याच धड्यात पाळत, पासवर्ड, कॅमेरे सांगून घाबरवले तर त्या फोन ठेवून देतील, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे. ऑनलाइन फसवणुकीवर मी एकदा दोन तास बोलले, तर पुढच्या आठवड्यात तिघी-चौघींनी यूपीआय ॲपच काढून टाकले होते. तेव्हापासून मी पद्धत बदलली. फोनला कुलूप कसे घालायचे हे मी आता धोक्याचा धडा म्हणून शिकवत नाही. घड्याळाचा गजर कसा लावायचा त्याच दिवशी, त्याच सुरात शिकवते. स्वयंपाक शिकवताना गॅस बंद करायला शिकवतो तसेच ते यावे. वेगळा ‘सुरक्षा सप्ताह’ भरवला की ज्या बाईला सर्वांत जास्त गरज आहे तिला नवरा त्या सप्ताहाला पाठवत नाही.

तरी एक गोष्ट मला खटकत राहते. बँका, पोलीस आणि शाळा सायबर सुरक्षेची जी पत्रके वाटतात त्यांत ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ हे वाक्य ठळक अक्षरात असते. हा ‘कुणी’ नेहमी अनोळखी असतो, फोनवरून बोलणारा, बँकेचा अधिकारी असल्याची थाप मारणारा. घरातला माणूस त्या ‘कुणालाही’मध्ये येतो का, हा प्रश्न वर्गात विचारला की बायका एकमेकींकडे बघून हसतात. नवऱ्यापासून काय लपवायचे, असे उत्तर येते, आणि ते उत्तर खोटे नसते. आमच्या घरी माझा पिन माझ्या यजमानांना ठाऊक आहे आणि त्यांचा मला, दोघांनाही चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणून. तेव्हा पासवर्ड वाटून घेण्यातच काही पाप आहे असे मी म्हणणार नाही. पाहायचे ते हे, की ‘नाही सांगणार’ असे म्हणण्याची तिला सोय आहे का, तसे म्हटल्यावर घरात काय होते, आणि त्याचा फोन तिला तितक्याच सहज उघडता येतो का. बहुतेक वेळा तिसऱ्याच प्रश्नावर खोली शांत होते.

पुरुषांवरही पाळत राहते, हे मला कुणीतरी सांगणारच, आणि ते खरे आहे. म्हाताऱ्या आईचे पेन्शनचे ॲप मुलाच्या फोनवर असते तसे बापाचेही असते. परंतु घरात पैसा, मालकी आणि जाण्या-येण्याची परवानगी ज्याच्या हातात आहे त्याच्या हातात पाळत आली, की तिची धार वेगळी होते. म्हणून मी बायकांविषयी लिहिते आहे.

कायद्याकडे वळले तर आपण रिकाम्या हातांनी उभे नाही. महिलांना कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा शारीरिक हिंसेबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळालाही हिंसा मानतो, आणि संरक्षण आदेशाने इलेक्ट्रॉनिक किंवा दूरध्वनीच्या मार्गाने होणाऱ्या संपर्कालाही मनाई करता येते असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. स्त्रीच्या इंटरनेटच्या किंवा ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणे हा २०१३ पासून दंडनीय अपराध आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात येतो, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि बलात्काराच्या व्याख्येत पतीला जशी सूट आहे तशी या कलमात नाही. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमाखाली येते. २०२५ मध्ये छत्तीसगड उच्च न्यायालयाने पतीला पत्नीकडून फोनचा किंवा बँकेचा पासवर्ड सक्तीने मागता येणार नाही, असे म्हटले. त्याच वर्षी कोलकाता उच्च न्यायालयाने, भावाभावांच्या वादात का होईना, एकत्र राहत्या घरात दुसऱ्याच्या संमतीवाचून कॅमेरे चालवणे हा खासगीपणाचा भंग ठरवला.

मात्र चित्र एकरंगी नाही. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये जो कायदा झाला, तो व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. आपल्या डायरीतल्या पत्त्यांसाठी कुणाला नोटीस येऊ नये म्हणून ही सूट आहे, आणि ती रास्त आहे. पण त्यामुळे कंपन्यांना जाब विचारणारा हा कायदा घराच्या उंबरठ्यापाशी थांबतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीतील गुपचूप ध्वनिमुद्रित केलेले संभाषण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून चालू शकते, असा निर्णय दिला. नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवू लागले असतील तर ते नाते आधीच मोडल्याचे लक्षण आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. पुष्कळांना हा निर्णय पाळतीला मोकळीक देणारा वाटला. माझे मत अजून पक्के झालेले नाही, कारण बंद दाराआड शिव्या खाणाऱ्या बाईजवळ फोनमधल्या त्या ध्वनिमुद्रणाशिवाय दुसरा साक्षीदार नसतो. पण ज्याच्याजवळ चांगला फोन, रिकामा वेळ आणि वकिलाचे पैसे आहेत त्याला असे पुरावे गोळा करणे सोपे जाते, आणि घरोघर हे तिन्ही कुणाजवळ असतात ते उघड आहे.

शिक्षेच्या कलमांवर सारा भर देण्यात मला दुसरीही अडचण दिसते. माझ्या वर्गातल्या बहुतेक बायकांना नवऱ्याला तुरुंगात पाठवायचे नसते. त्यांना आपला फोन आपला हवा असतो. त्यासाठी २००५ चा दिवाणी वळणाचा कायदा जास्त उपयोगाचा आहे, आणि त्याचा आपण पुरता वापर करत नाही. त्याच्या १८ व्या कलमात दंडाधिकाऱ्याला आदेशात नमूद करील अशा इतर कोणत्याही कृत्यास मनाई करण्याचा अधिकार आहे. म्हणजे तिच्या खात्यात शिरू नये, तिचे लोकेशन पाहू नये, शयनगृहातला कॅमेरा चालू ठेवू नये, असे आदेश आजच, कायद्यात एक शब्दही न बदलता मागता येतात. ते मागितले जात नाहीत, कारण कुणी विचारत नाही. संरक्षण अधिकारी घटनेचा जो अहवाल भरतात, त्यात मारहाणीचे, उपाशी ठेवण्याचे, पगार काढून घेण्याचे रकाने आहेत. सिम कुणाच्या नावावर आहे, फोनचा पिन आणखी कुणाला ठाऊक आहे, बँकेचा ओटीपी कुठे जातो, हे तीन प्रश्न त्यात घातले तर अर्धे काम तिथेच होईल.

सिमचा प्रश्न तर फारच दुर्लक्षित आहे. सिम ज्याच्या नावावर, नंबर त्याचा. तो दुसऱ्याच्या नावावर करायचा तर त्याची संमती लागते. लग्नानंतर घेतलेले कितीतरी नंबर नवऱ्याच्या कागदपत्रांवर असतात, ‘फॅमिली प्लॅन’मध्ये असतात, आणि घर सोडताना बाईचा दहा वर्षे वापरलेला नंबर, त्याला जोडलेले आधार, बँक, मुलांच्या शाळेचा गट, सगळे एका फोन कॉलने बंद पाडता येते. अमेरिकेत २०२२ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा झाला: हिंसेतून बाहेर पडणाऱ्या व्यक्तीने मागणी केली की कंपनीने तिचा नंबर सामायिक प्लॅनमधून दोन कामकाजाच्या दिवसांत वेगळा करून द्यायचा. मदतसेवांना केलेले फोन ग्राहकाला दिसणाऱ्या नोंदींतून वगळण्याचीही तरतूद त्यात आहे. परदेशातले सगळे इथे आणावे असे मी म्हणत नाही, पण ही दोन कामे आपल्या दूरसंचार विभागाला एका परिपत्रकाने करता येण्यासारखी आहेत. १८१ ची नोंद फोनच्या यादीत राहते म्हणून तो नंबर न लावणारी बाई मी पाहिली आहे.

आणि कंपन्यांना जमत नाही असे नाही. वस्तू शोधण्यासाठी निघालेल्या छोट्या ट्रॅकर चकत्या बायकांच्या पर्समध्ये, गाड्यांत लपवल्या जाऊ लागल्या, त्यावर ओरड झाली, तेव्हा ॲपल आणि गुगल या एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन कंपन्यांनी मे २०२४ मध्ये एक समान व्यवस्था आणली: अनोळखी ट्रॅकर तुमच्याबरोबर फिरत असेल तर फोन कोणत्याही कंपनीचा असो, तो तुम्हाला सांगतो.

खिडकीवरचे काम याहून साधे आहे, आणि त्याविषयी मी अधिकाराने बोलू शकते. आधारला जोडलेला मोबाईल नंबर बदलायला जुन्या नंबरवरचा ओटीपी लागत नाही. केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे दिले आणि थोडे शुल्क भरले की काम होते. हे माझ्या वर्गातल्या एकीलाही ठाऊक नव्हते. बँकेत नंबर बदलायला शाखेत अर्ज पुरतो, पण आमच्याकडे तसा बदल केला की जुन्या नंबरवरही सूचना जात असे. फसवणूक टाळण्यासाठी ही रीत उत्तम आहे. ज्या बाईचा जुना नंबर म्हणजे नवऱ्याचा फोन, तिच्यासाठी मात्र ती चहाडी ठरते, आणि हे तिला अर्ज घेतानाच कुणीतरी सांगायला हवे. विधवांसाठी गुजरात सरकारची ‘गंगास्वरूपा’ योजना आहे, तिचे पैसे थेट खात्यात जमा होतात. नावाविषयी न बोललेले बरे. पण ते पैसे आल्याचा संदेश दिराच्या फोनवर वाजत असेल तर ‘थेट’ या शब्दाचा अर्थ काय उरतो? नंबर लिहून घेताना एकच प्रश्न विचारायचा, ‘हा फोन रात्री कुणाच्या उशाशी असतो?’, आणि तो बाईला एकटीला विचारायचा. यासाठी निधी लागत नाही.

त्या दुपारच्या तळहाताकडे मी परत येते, कारण माझी चूक तिथेच होती. पाळत दिसली की ती तोडायची, असे मला वाटले होते. या क्षेत्रात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या समुपदेशकांचे सांगणे उलट आहे. पाळत अचानक बंद झाली की पाळत ठेवणाऱ्याला कळते, आणि ज्या घरात मारहाण आहे तिथे तो क्षण सर्वांत धोक्याचा असतो. आधी बोलायचे ते दुसऱ्याच्या फोनवरून. जायला जागा, जवळ कागदपत्रे, कुणीतरी माहीतगार माणूस, हे ठरल्यानंतर मग पासवर्ड बदलायचे. तिला हे कुणी शिकवले नव्हते. तिने तो संगणक जोडलेलाच राहू दिला. मनातले बोलायचे ते ती शेजारणीच्या फोनवरून बोलू लागली, आणि आपल्या फोनवर भाजी काय आणू, दूध नासले, गॅसवाला आला नाही, एवढेच लिहू लागली. तिच्या आधारच्या नंबरासाठी आम्ही दोघी केंद्रावर जाऊन आलो, वर्गाच्याच वेळेत.

वर्गाच्या प्रवेशअर्जावर पूर्वी ‘मोबाईल क्रमांक’ एवढेच छापलेले असे. नव्या अर्जांवर मी ‘स्वतःचा मोबाईल क्रमांक, नसल्यास जागा कोरी ठेवावी’ असे छापून घेतले आहे. या सत्राचे अर्ज परवा हाती आले. बऱ्याच जागा कोऱ्या आहेत, आणि एका अर्जावर आधी कुणीतरी ठसठशीत अक्षरात लिहिलेला नंबर वेगळ्या शाईने खोडलेला आहे.